नंदाखालचं एकेचाळिसावं पान

आमच्या आगाशीच्या वाचनालयात खिडकीच्या वर एक पाटी आहे : ‘पुस्तकांवर काहीही लिहू नये.’ त्या पाटीखालीच कोणीतरी पेन्सिलीने लिहून ठेवलंय, ‘बरं.’

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी दर शनिवारी दुपारी तिथे मुलांना गोष्टी वाचून दाखवायला जाऊ लागलो. मुलं वर बघून हमखास विचारायची, “गुरुजी, लिहायचं नाही, तर मोठी माणसं का लिहितात?”

मी सांगायचो, “बाळांनो, लिहिणाऱ्यांच्या दोन जाती असतात. एक जात रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर ‘खून दिवाणजीने केला आहे’ असं लिहिते. तिला नरकात जागा राखून ठेवलेली आहे. दुसरी जात बिचारी गरजेपोटी लिहिते.”

ती गरज अशी. साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसाला पुस्तकाचं नाव आठवत नाही, लेखक आठवत नाही. तो हौसेने पुस्तक घरी नेतो, जेवून आडवा होऊन वाचायला घेतो, आणि अर्ध्यावर आल्यावर त्याला आठवतं की ही बाई शेवटी मरते. मग त्या बाईपेक्षा याच्याच जिवाला जास्त लागतं. म्हणून आमच्याकडचे जुने वाचक वाचून झालेल्या पुस्तकात आपापली खूण करून ठेवत. कोणी गोल, कोणी चांदणी. अर्नाळ्याची एक आत्या मासा काढायची. मासा इतका झकास की दोनदा तो वाचायच्या पुस्तकापेक्षा बरा निघाला होता.

विनया ग्रंथपाल म्हणून आली तेव्हा खुणा अशा पानोपानी पसरल्या होत्या. आधीच्या ग्रंथपालाने खोडरबर घेऊन युद्ध केलं होतं आणि तो हरला होता. विनयाने युद्ध केलं नाही. तिने गावांना पानं वाटून दिली. आगाशीकरांनी एकविसाव्या पानावर खूण करायची, बोळींजकरांनी एकतिसाव्या, नंदाखालकरांनी एकेचाळिसाव्या, अर्नाळेकरांनी एक्कावन्नाव्या. पेन्सिलीने, समासात, आणि एका पुस्तकात एकदाच. विरारच्या नव्या बिल्डिंगवाल्यांनी आपल्यालाही पान पाहिजे म्हणून अर्ज केला. त्यांना एकसष्टावं दिलं. तिथवर ते क्वचितच पोचत.

आता यातली गंमत समजून घ्या. वाचकाने खिडकीशी पुस्तक मागितलं की विनया आधी त्याच्या गावाचं पान उघडायची. “हे नको आत्या, तुमचा मासा आहे यात.” किंवा, “हे न्या भाऊ, बोळींजात अजून कोणी हात लावलेला नाही, तुम्ही पहिले.” असं म्हटलं की बोळींजकराची छाती फुगायची आणि कितीही जाडजूड पुस्तक असलं तरी तो ते काखोटीला मारायचा. नवीन वाचकाला ‘तुम्हाला काय आवडतं?’ असं तिने कधी विचारलं नाही. ती विचारायची, “सध्या घरात कोणाशी वाजलंय?” सुनेशी वाजलं असेल तर एक पुस्तक, भावाशी वाजलं असेल तर दुसरं. भावकीच्या पुस्तकांचं कपाट कायम रिकामं असायचं.

आमच्या सगळ्या वाचकांत विनयाला एकीचंच काही सुचत नव्हतं. ती म्हणजे नंदाखालची रिटामावशी लोपीस. मावशीची केळीची वाडी, चार सोनचाफ्याची झाडं आणि तोंड, तिन्ही जोरात चालायची. तिची खूण म्हणजे फुली. कोणी म्हणालं, “रिटाबाई, क्रूस काढता का?” तर म्हणायची, “क्रूस कसला? शाळेत माझं गणित चुकलं की बाई द्यायच्या ती फुली. आता मी लेखकांना देते.”

ही मावशी एका पुस्तकात अडकली होती.

पुस्तकाचं नाव ‘खाडीपल्याडची सालू’, लेखक आत्माराम केणी. सालू नावाची मुलगी खाडीकाठच्या गावात दिली जाते, सासरी तिचा छळ होतो, आणि शेवटी ती पहाटे धक्क्यावर येते. होडी तयार. सालू एक पाय होडीत ठेवते, दुसरा पाय धक्क्यावर, मागून कोणीतरी हाक मारतं, आणि खाली छापलेलं : ‘पूर्वार्ध समाप्त’. उत्तरार्ध आलाच नाही. पुस्तक छापून बारा-पंधरा वर्षं झाली होती. प्रकाशकाचं दुकानही बंद झालं होतं.

मावशी दर आठवड्याला खिडकीशी येऊन विचारायची, “आला?”

“नाही मावशी.”

“बाय, ती पोर कधीची तंगड्या फाकून उभी आहे. भरती आली, ओहोटी आली, तिच्या पोटऱ्यांना गोळे आले असतील. त्या लेखकाला काही लाज?”

मावशीने नंदाखालच्या निम्म्या बायकांना ती कादंबरी वाचायला लावली. शेजारच्या विनीने, चर्चच्या गायनमंडळातल्या बायकांनी, सगळ्यांनी वाचली आणि सगळ्या एकेचाळिसाव्या पानावर खूण करून मावशीला शिव्या देत बसल्या, कारण आता त्यांचाही पाय होडीत अडकला.

इथवर सगळी मजाच होती. पण नव्याण्णव साली मावशीच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत येणार नाही, आहे ते टिकवू. मावशीने हे खिडकीशी येऊन सांगितलं ते असं : “बाय, एका डोळ्यात अंधार पडत चाललाय. दुसऱ्यात जो उजेड उरलाय त्यात उत्तरार्ध बसतो का बघ.”

“कॉन्रॅड वाचून दाखवेल की, मावशी.” कॉन्रॅड म्हणजे तिचा मुलगा. वायरिंगची कामं करतो.

“तो वाचतो तेव्हा सालू वायरमनसारखी बोलते. मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय ती पाय उचलते का.”

विनया हसली खरी, पण मावशी गेल्यावर तिने हातातला शिक्का खाली ठेवला. मला म्हणाली, “गुरुजी, लेखक शोधायला हवा.”

शोधला तो कॉन्रॅडनेच. नायगावला खाडीच्या बाजूला नव्या इमारती उठत होत्या. त्यातल्या एकीत बेल बसवायला गेला, तर त्या दारावरच पितळी पाटी : ‘आत्माराम केणी, कादंबरीकार’. कॉन्रॅड बेल अर्धवट सोडून घरी आला.

“आई, तुझा लेखक जिवंत आहे!”

मावशी म्हणाली, “मग लिहीत का नाही मेला?”

विनया आणि मी रविवारी नायगावला गेलो. केणीसाहेब उंच, गोरे, आणि घरातही खांद्यावर शाल घेऊन बसणारे. सरकारी नोकरीत त्यांनी जन्मभर विहिरींची मोजमापं घेतली होती. निवृत्त होऊन पाटी लावली आणि मग पाटीखाली काय लिहायचं ते सुचेना, असं एकंदर दिसलं. त्यांनी आम्हाला पाणी दिलं आणि मराठी वाचकाच्या ऱ्हासावर बोलायला सुरुवात केली. चहा आला, कप परत गेले, ऱ्हास चालूच होता.

“वाचकच उरला नाही हो. लिहायचं कोणासाठी?”

“आमच्याकडे आहेत वाचक,” विनया म्हणाली. “थोडे वापरलेले आहेत, पण चालू स्थितीत आहेत.”

“उत्तरार्धाची कोणी चौकशी केली?”

“नंदाखालची एक बाई दर आठवड्याला करते.”

“एक बाई!” केणीसाहेब शाल सावरत म्हणाले. “एका बाईसाठी कादंबरी लिहायची?”

“तुमच्या धक्क्यावर तरी किती जणी उभ्या आहेत? एकच ना?”

केणीसाहेबांना हे लागलं की आवडलं ते कळलं नाही, पण ते यायला तयार झाले. आमच्या ग्रंथालय सप्ताहात, रविवारी, चर्चमधली मिस्सा आटोपून नंदाखालच्या बायका येऊ शकतील अशा वेळी.

परतताना विनया म्हणाली, “एकदा दोघांना समोरासमोर बसवलं की झालं. मावशी त्यांच्याकडून लिहून घेईल.”

मी शिक्षक होतो. दोन माणसं समोरासमोर बसवली की काय होतं, ते मला ठाऊक होतं. पण शिकायचं त्याने स्वतः शिकावं, असं माझं मत आहे.

कार्यक्रमाला वाचनालयाचा हॉल भरला. पुढे सतरंजीवर माझी शनिवारची मुलं, मागे खुर्च्यांवर नंदाखालचं अख्खं गायनमंडळ, पहिल्या ओळीत मध्यभागी रिटामावशी, फुलं माळून, चष्मा पुसून. माईकचा ताबा कार्यवाह शांतारामभाऊ राऊतांकडे होता. माईक एकदा त्यांच्या हातात गेला की तो भिंतीतून वायर उपटूनच काढावा लागतो. कॉन्रॅड त्यासाठी बोर्डाजवळ उभाच होता.

शांतारामभाऊंनी शाल दिली, श्रीफळ दिलं, आगाशीच्या सुकेळ्यांचं पुडकं दिलं आणि म्हणाले, “‘खाडीपल्याडची सालू’ ही कादंबरी मी स्वतः तीन वेळा वाचली आहे.” विनयाने शेजारी बसल्या बसल्या टेबलावरच्या पुस्तकाचं एकविसावं पान हळूच उघडून मला दाखवलं. शांतारामभाऊंची खूण म्हणजे ठसठशीत शून्य. तिथे शून्य सोडा, टिंबही नव्हतं.

पुस्तक तिनेच टेबलावर आणून ठेवलं होतं. दोनदा बांधणी केलेली, कोपरे झिजलेली ती प्रत बघून लेखकाला बरं वाटेल, एवढाच तिचा हेतू. एकेचाळिसाव्या पानाचं तिच्या ध्यानातच आलं नाही. जे आपण रोज बघतो ते पाहुण्यालाही ठाऊक असणार, असं आपण धरून चालतो.

केणीसाहेब बोलायला उभे राहिले. सवयीने त्यांनी वाचकाच्या ऱ्हासाला हात घातला आणि बोलता बोलता पुस्तक उचललं. आता, जे पुस्तक सतत एकाच पानावर उघडलं जातं ते हातात घेतलं की आपसूक त्याच पानावर उघडतं. केणीसाहेबांची नजर खाली गेली आणि ऱ्हास मध्येच थांबला.

समासात गोल होते, चांदण्या होत्या, एक केळीचं पान होतं, घंटा होती. आणि एका बाजूला, वरपासून खालपर्यंत, फुल्यांची रांग. वरच्या फुल्या तिळाएवढ्या, खाली येता येता मोठ्या होत गेलेल्या, शेवटची तर चांगली बोराएवढी.

केणीसाहेबांनी आणखी चार पानं चाळली, ती कोरी होती; मग शालीच्या टोकाने डोळे पुसले.

“मित्रहो,” ते म्हणाले, “मी चुकलो. वाचक मेला, असं मी म्हणत होतो. पण हे पान पाहा! वाचकांनी एका पानावर किती प्रेम करावं? दुसऱ्या पानावर रेघ नाही, आणि इथे चांदण्या! घंटा! आणि हे माझ्या ख्रिस्ती बंधू-भगिनींनी वाहिलेले क्रूस! खांद्यावर घेतल्यासारखे तिरके. आणि बघा, क्रूस मोठे मोठे होत गेलेत. ही वाढत गेलेली श्रद्धा आहे!”

गायनमंडळात खुसखुस झाली. मावशीच्या शेजारच्या विनीने तोंडात रुमाल कोंबला. माझ्या मुलांना काही कळलं नव्हतं, पण मोठी माणसं हसू दाबतायत एवढं कळल्याने ती त्याहून जास्त हसू दाबू लागली. विनयाचा चेहरा पांढरा पडला.

“हे पान मी तुम्हाला वाचून दाखवतो,” केणीसाहेब म्हणाले, आणि त्यांनी वाचलं.

एकेचाळिसाव्या पानावर सालूच्या सासऱ्याच्या विहिरीचं खोदकाम आहे. विहिरीचा व्यास. मग मुरूम. मुरुमाखाली दगड. दगडाचा रंग. सुरुंगाची भोकं कुठे आणि किती खोल घ्यावीत. पान संपतं तरी पाणी लागत नाही. केणीसाहेबांचा आवाज दोन ठिकाणी भरून आला, दोन्ही वेळा दगडाशी.

वाचन संपल्यावर शांतारामभाऊंनी टाळ्या वाजवल्या. “वा! मला हे पान पाठ आहे!”

“मी आज जाहीर करतो,” केणीसाहेब म्हणाले, “की मी उत्तरार्ध लिहिणार!”

आता मात्र खरोखरच्या टाळ्या पडल्या. मावशी खुर्चीच्या कडेवर आली. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते मिळालं होतं. विनयाने तिच्या मागे जाऊन कानात सांगितलं, “मावशी, आता खुणांबद्दल एक शब्द बोलू नका. लिहू दे त्यांना.”

“मी कशाला बोलते?” मावशी म्हणाली. “मला कुठे त्याची परीक्षा घ्यायचीय?”

पण केणीसाहेब थांबले नाहीत. “तुमच्या या खुणांनी माझे डोळे उघडले. वाचकांना सालू नको होती. वाचकांना विहीर हवी होती! सालू हे निव्वळ निमित्त. उत्तरार्धात तिला मी पहिल्याच परिच्छेदात पटकीने संपवतो, आणि पुढे अख्खी कादंबरी विहिरीची. एक नाही, पाच विहिरी!”

मावशी उठली. विनयाने तिचा पदर धरला.

“मावशी, बसा. पटकी नंतर बदलून घेऊ. आधी लिहायला तर लागू दे. आता बोललात तर तेही जाईल.”

“सोड बाय. विहीर माझ्या वाडीत आहे. तिच्यासाठी मी डोळे ठेवले नाहीत.”

मग तिने आपल्या घरच्या बोलीत एक वाक्य उच्चारलं. ते मी इथे लिहीत नाही, कारण माझे विद्यार्थी हे वाचण्याची शक्यता आहे. नंदाखालच्या बायकांनी माना खाली घातल्या. त्यानंतरचं मराठीत होतं.

“अहो लेखक, ते क्रूस नाहीत. फुल्या आहेत. माझ्या आहेत.”

“तुमच्या?” केणीसाहेब खुलले. “ताई, तुम्हाला विहीर इतकी—”

“विहीर मी वाचतच नाही. ते पान आलं की मी उलटते. खूण करायला थांबते तेवढीच.” आणि तिने सगळं सांगितलं. गावांची पानं, वाचून झाल्याच्या खुणा, नंदाखालचं पान एकेचाळीस. “उद्या तुम्ही एकेचाळिसाव्या पानावर धोब्याचा हिशोब लिहिलात तरी इथे चांदण्या पडतील. विचारा हिला.”

केणीसाहेबांनी विनयाकडे पाहिलं. विनयाने मान हलवली. ते खुर्चीत बसले. शाल खांद्यावरून घसरली, ती त्यांनी उचलली नाही. हॉलमध्ये कोणी हसलं नाही. मुलंसुद्धा गप्प झाली. मुलांना मोठ्या माणसाची फजिती आवडते, पण ती एका मापापर्यंतच.

शांतारामभाऊ माईक घेऊन उठू लागले. कॉन्रॅडने वायर काढली.

केणीसाहेब म्हणाले, “म्हणजे या पानावर प्रेम करणारं कोणीच नाही.”

“पानावर नाही,” मावशी म्हणाली.

त्यांनी पुस्तक पुन्हा उघडलं. जुना हिशेबी माणूस. फुल्यांवरून बोट फिरवत वरून खाली आले. “पण एक समजत नाही. वाचलेलं पुस्तक चुकून परत नेऊ नये म्हणून खूण करायची, असाच नियम ना?”

“हो,” विनया म्हणाली. “एका पुस्तकात एकदाच.”

“मग या बाईंच्या इतक्या कशा? विसरतात का?”

ही रांग विनयाला रोज दिसत होती आणि नियम मोडलेला असूनही तिने कधी रबर घेतलं नव्हतं.

मावशीच म्हणाली, “विसरायला काय झालंय मला? खूण दिसते ना. तरी नेते. दर खेपेला वाटतं, या खेपेला तरी ती पाय उचलेल.”

केणीसाहेबांनी शेवटच्या बोराएवढ्या फुलीवर बोट ठेवलं. “आणि या मोठ्या का होत गेल्या?”

“लहान काढली तर मला दिसत नाही,” मावशी म्हणाली, आणि डोळ्यांचं सांगितलं. दोनच वाक्यांत.

केणीसाहेबांनी पुस्तक मिटलं. मग जे बोलले ते माईकशिवाय, आणि म्हणूनच बहुधा खरं.

“बाई, सालू पाय उचलते की नाही, मलाच माहीत नाही. म्हणून तर थांबलो. होडीत मी जन्मात बसलो नाही. पाण्याची भीती वाटते मला.”

“आणि विहिरी?”

“विहिरी वरून मोजतात.”

“सालूलाही वरूनच मोजलंत होय!” मावशी म्हणाली. “मग असं करा. पुढच्या रविवारी अर्नाळ्याला या. किल्ल्याला जायला होडी लागते. धक्काबिक्का नाही, गुडघाभर पाण्यातून चढायचं. कॉन्रॅड धरेल तुम्हाला.”

“मी का धरू?” बोर्डाजवळून कॉन्रॅड.

“तू बेल अर्धी सोडून आलास ना त्यांच्याकडची? तेवढं तरी कर.”

ते येतील असं मला वाटलं नव्हतं. पण पुढच्या रविवारी अर्नाळ्याच्या वाळूत केणीसाहेब हजर. शाल होतीच. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, त्याखाली जन्मात ऊन न पाहिलेल्या पोटऱ्या. किल्ल्याकडे निघालेल्या कोळणी टोपल्या घेऊन भराभर चढून बसल्या होत्या आणि या नव्या उतारूकडे मोठ्या कुतूहलाने बघत होत्या. अर्नाळ्याची ती मासा काढणारी आत्याही त्यांत होती.

केणीसाहेबांनी एक पाय उचलून होडीत टाकला. तेवढ्यात लाट आली, होडी हातभर सरकली, आणि मराठी कादंबरीकार एक पाय होडीत नि एक पाय पाण्यात असा ताणला गेला. कॉन्रॅड धरायला पुढे झाला, तर किनाऱ्यावरून मावशी ओरडली, “थांब रे! धरू नको! राहू दे जरा!”

“बाई, ओढा मला!”

“काय वाटतंय ते आधी लक्षात ठेवा! पोटरीत काय होतंय? मागे बघवतंय का?”

“मागे कुठलं बघतो! अहो, मी चिरला जाईन!”

“तरी म्हटलं! सालूला मागून हाक मारता!”

होडीतल्या आत्याने त्यांना कॉलर धरून आत घेतलं, माशाची टोपली चढवावी तसं. केणीसाहेब बसले, ओले, धापा टाकत. मग हसायला लागले. विनया माझ्याशेजारी वाळूत उभी होती. तिने फक्त एवढंच म्हटलं, “गुरुजी, लागली जोडी.”

त्यानंतर केणीसाहेब नायगावहून दर आठवड्याला यायला लागले. विनयाने त्यांना खिडकीच्या आतल्या बाजूला टेबल दिलं. ते लिहीत आणि वाचक खिडकीतून डोकावून सूचना करत. सालूच्या सासूला जुलाब व्हावेत, ही बोळींजची सूचना त्यांनी स्वीकारली. शेजारच्या विनीने सालूला दुसरं लग्न सुचवलं आणि त्यासाठी मुलगाही. ते नाकारलं. मावशी मात्र डोकावली नाही. “शिजताना झाकण उघडायचं नसतं,” म्हणायची. पण भीती तिच्या डोळ्यांत होती, आणि आता ती एकाच डोळ्यात मावत होती.

उत्तरार्ध छापून आला तेव्हा मावशीच्या उजव्या डोळ्यातला उजेड गेला होता. डावा भिंगाने चालत होता. कॉन्रॅडने तिच्या खुर्चीच्या वर खास दिवा लावून दिला होता. विनयाने पुस्तकाला वेष्टन घातलं, पहिला शिक्का मारला आणि नंदाखालला स्वतः नेऊन दिलं.

तीन दिवसांनी मावशी कॉन्रॅडच्या मागे गाडीवर बसून आली. पुस्तक छातीशी. खिडकीशी आली आणि म्हणाली, “उचलला.”

विनया म्हणाली, “कुठला पाय?”

“सांगत नाही. रांगेत लोक आहेत.” मग तिने पुस्तक पुढे केलं. “पण बाय, एक भानगड झालीय. पान बघ.”

विनयाने उघडलं. केणीसाहेबांनी छापखान्यात किती हुज्जत घातली असेल कोण जाणे, मागची प्रकरणं ओढूनताणून जुळवली होती. सालू पाय उचलते ती नेमकी एकेचाळिसाव्या पानावर. नंदाखालच्या बायका जिथे थांबतात तिथेच. समास कोरा होता.

“खूण नाही केलीत, मावशी?”

“या पानावर? फुली? बाय, काही अक्कल?” मावशी म्हणाली. “आम्हाला पान बदलून दे. या पुस्तकापुरतं. आमच्या कोणाची पेन्सिल या पानाला लागायची नाही, सांगून ठेवलंय मी सगळ्यांना.”

विनयाने नियम बदलला. या एका पुस्तकापुरतं नंदाखालचं पान बेचाळीस. तिने पान उलटलं आणि हसू दाबायला आत कपाटाकडे गेली.

बेचाळिसाव्या पानावर विहीर आहे. लेखकाला कोणीही पूर्ण सुधारू शकत नाही. मुरूम आहे, मुरुमाखाली दगड आहे. आणि आज समासात गोल, चांदण्या, घंटा, केळीचं पान, सगळं नंदाखाल दाटीवाटीने बसलेलं आहे. सर्वांत वर एक फुली आहे, सुपारीएवढी. तिच्याखाली दुसरी आहे, ती लिंबाएवढी.